सुबाभळीला सात दिवसांची मुदत

आमचे परबकाका झाडाच्या रोपाला नोटीस देतात. कागदाची नाही, आइस्क्रीमच्या काडीची. सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत जास्वंदीच्या वाफ्यात सुबाभळीचं बोटभर रोप उगवलं, की काका त्याच्या शेजारी काडी रोवतात. काडीवर बॉलपेनने नंबर, तारीख आणि 'मुदत सात दिवस'. मग कमरेवर हात ठेवून रोपाला म्हणतात, "बघ बाबा, रीतसर सांगितलंय. नंतर बोलायचं नाही."

काका अतिक्रमण हटवण्याच्या खात्यातून रिटायर झालेत. मी इथला माळी. आठवीत शाळा सोडली आणि हिंगोलीकडून इथे आलो. आमच्या गावाकडची रीत म्हणजे नको ते रोप दिसलं, की ओल्या मातीतून दोन बोटांनी उपटायचं. एकदा पाचव्याच दिवशी तसं केलं.

"मुदत संपली?" काकांनी विचारलं.

"दोन दिस बाकी हायेत, काका."

"मग लाव परत."

लावलं. वर पाणीही घालावं लागलं. मुदतीत पाणी तोडणं बेकायदा, म्हणे. सात दिवस फुकटचं पाणी पिऊन रोपं अशी माजतात की आठव्या दिवशी खुरपं लागतं. मी खणतो, काका पंचनामा सांगतात. "सुबाभूळ एक. उंची वीतभर. विरोध केला नाही." पिंपळ उगवला तर मात्र ते दोन पावलं मागे सरतात. "धार्मिक स्थळ. ह्याची फाइल वेगळी." मग तो कुंडीत बसून दिवाळे गावातल्या देवळाकडे रवाना होतो.

काड्या संपल्या की काका स्वतः कँडी खातात. सर्दी असली तरी. "काम आहे, नाइलाज आहे," असं खोकत सांगतात.

सगळी सोसायटी हसायची. मीही हसायचो, पण वरवर. कारण मी राहायचो पंपरूममध्ये. एक चटई, एक स्टोव्ह, एक देवाचा फोटो. वॉचमनदादांनी माझ्यावर दया करून किल्ली दिलेली. सेक्रेटरींना पत्ता नव्हता. तिथून काढलं तर जायला दुसरी जागा नव्हती. रोज वाफ्यात वाकलो की वाटायचं, ह्यातली एक काडी आपल्या नावाची.

एका रविवारी दुपारी काका खुरपं मागायला थेट आत आले. चटई पाहिली. दोरीवरचा शर्ट पाहिला. स्टोव्हवर भात रटरटत होता.

"कधीपासून?"

"सात महिने झाले, काका. भात तेवढा होऊ द्या. मग उचलतो सामान."

मला वाटलं, संपलं. तर ते पालथ्या बादलीवर बसले.

"झोपडी पाडायला गेलो, तेव्हा एक बाई असंच म्हणाली होती. भात होऊ द्या साहेब, पोरं जेवतील. आमची गाडी उभी, वरून फोनवर फोन. नाही थांबलो." मग स्टोव्हकडे बघून म्हणाले, "आच कमी कर. खाली लागेल."

भात होईपर्यंत ते बसून राहिले. झाल्यावरही उठेनात. मी भीत भीत विचारलं, "जेवता का?"

जेवले. माझ्याकडे ताट एकच. ते त्यांना दिलं, मी पातेल्यातच खाल्लं. ठेच्याने काकांच्या डोळ्यांना धार लागली, तरी दोनदा भात घेतला. त्यांचा रोज डबा येतो. एकट्याच्या डब्यात भाजी कोणतीही असो, चव तीच, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पंपरूमच्या कडीत काडी खोचलेली. उलटी करून वाचली: 'कारवाईस स्थगिती. पुढील आदेशापर्यंत.' खाली सही. सेक्रेटरींनीही वाचली, दोनदा. पण काकांशी नियमांवर वाद घालायचा तर अर्धा दिवस रजा काढावी लागते. ते चष्मा पुसत निघून गेले.

पुढचा आदेश अजून निघालेला नाही. काका दर रविवारी साडेबाराला पाहणीला येतात. स्वतःचं ताट घेऊन.