जास्तीची खोली

"अहो, खोली कुठं गेली?"

गवंड्याची बायको दोन दिवस बहिणीकडे राहून परत आली, पिशवी ठेवायला आतल्या खोलीकडे वळली आणि थेट भिंतीसमोर उभी राहिली. परवापर्यंत तिथं दार होतं. आता गुळगुळीत गिलावा होता, त्यावर चुना होता आणि वर्षानुवर्षं तिथंच असल्यासारखं एक कॅलेंडर लटकत होतं.

"बुजवली," गवंडी ऐटीत म्हणाला. "सांधा शोधून दाखव बरं!"

"डोकं फिरलंय का तुमचं? लेकीची खोली ती!"

"म्हणून तर बुजवली!"

त्याचं असं झालं, की सरकारी मोजणी जाहीर झाली होती. घरात खोल्या किती, माणसं किती, सगळं मोजणार होते. शेजारच्या सलूनवाल्याने गवंड्याच्या गळ्याशी वस्तरा धरून बातमी दिली, की ज्याच्याकडे जास्तीची खोली, त्याच्याकडे सरकार आपली माणसं उतरवणार. वस्तरा गळ्याशी असताना वाद कोण घालणार? गवंड्याला तर घालायचाच नव्हता. सरकारबद्दल काहीही वाईट सांगा, तो लगेच खरं मानायचा.

आणि त्याचं चुकत होतं असं तरी कसं म्हणावं? ऐन उमेदीत त्याने चौकात एक कारंजं बांधलं होतं. पुढाऱ्याने फीत कापली, दगडावर स्वतःचं नाव कोरून घेतलं. पुढे तो निवडणुकीत आपटला. नव्या पुढाऱ्याला ते नाव डोळ्यांत खुपलं, तर त्याने नुसता दगड काढावा की नाही? अख्खं कारंजंच पाडलं! तेव्हापासून गवंड्याचं सरकारशी जे बिनसलं ते बिनसलंच.

अशा माणसाच्या लेकीने सरकारी नोकरी धरली. "या घरात सरकारी माणसाचं पाऊल पडायचं नाही!" असं तो रागाच्या भरात बोलून गेला. बोलतो हो माणूस! पण पोरगी बापाच्याच वळणाची. तिने शब्द खरा धरला, बॅग भरली आणि गेली, त्याला तीन वर्षं झाली. बाप रोज तिच्या पलंगावरची धूळ झटकायचा, बायकोला दिसू नये अशा बेताने. बायकोला ते रोज दिसायचं.

"पुढाऱ्यांचे चेले तिच्या पलंगावर घोरणार?" गवंडी म्हणाला. "उद्या पोरगी आली म्हणजे?"

"अहो, उद्या मोजणीला कोण येणार आहे ते ठाऊक..."

"कुणी का येईना! सगळे एकाच माळेचे मणी."

"ऐका तर! बहिणीकडे फोन आला होता..."

"सरकारचं नाव काढू नकोस माझ्यापुढे."

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "बरं बाई. तुमचं तुम्ही निस्तरा." आणि ती पिशवी रिकामी करायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक कारकून मोबाइल घेऊन उभा राहिला.

"खोल्या किती, काका?"

"एक."

"नक्की? आमच्या मॅडम तर दोन म्हणत होत्या."

"तुमच्या मॅडमनी बांधलंय का घर? मी बांधलंय. एक म्हणजे एक."

कारकुनाने बटण दाबलं. माहिती गेली वरच्या कार्यालयात. तेवढ्यात त्याच्या मॅडम सलूनवाल्याचं घर मोजून आल्या. एका हातात बॅग, गळ्यात ओळखपत्र. गवंड्याची लेक.

ती बापाकडे बघून हसली, सवयीने आत वळली आणि आईसारखीच भिंतीसमोर उभी राहिली. गिलाव्यावर तिने तळहात टेकवला. अजून ओलसर होता.

"मी येणार म्हणून बुजवलीत, बाबा?"

गवंडी उगाच कॅलेंडर सरळ करू लागला. शेवटी आईलाच राहवलं नाही. "अगं, तुझ्या पलंगावर सरकारी माणूस झोपू नये म्हणून!"

"पण आई, तो सरकारी माणूस मीच ना!"

सलूनवाल्याची बातमी खरी निघाली होती, निदान अर्धी. मोजणीच्या कर्मचाऱ्यांना लोकांच्या जास्तीच्या खोल्यांत उतरवणार होते आणि लेकीने हात जोडून, साहेबांच्या मागे लागून हेच घर मागून घेतलं होतं. म्हणजे बापाचा शब्दही मोडेल आणि त्याला बोलताही येणार नाही, कारण हुकूम वरचा!

गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन धावला. "आत्ता फोडतो!"

"नोंद झाली, काका," कारकून चाचरत म्हणाला. "आता मॅडमची सोय दुसरीकडे लागणार. बदलायचं तर साहेबांची सही लागेल."

"मग घ्या ना सही!"

"साहेब पुढाऱ्यांबरोबर दौऱ्यावर आहेत."

लेकीची सोय सलूनवाल्याकडे लागली. त्या बेट्याने बातमी गावभर केली होती, पण स्वतःची खोली मात्र उघडीच ठेवली होती. "बाहेरच्या खोलीत झोप गं," असं आई परोपरीने म्हणाली, पण लेक काही राहिली नाही. ओला गिलावा लागलेला हात तिने पदरालाही पुसला नव्हता.

गवंड्याने त्याच दिवशी भिंत फोडायला घेतली. पण जन्मात त्याने कच्चं काम केलं नव्हतं, ते आत्ता कसं निघावं? भिंत त्याला दोन दिवस पुरून उरली. दार मोकळं झालं, पलंग झटकून झाला, चादर दोनदा धुऊन झाली, तरी सही आली नाही. तो रोज सलूनमध्ये जाऊन दाढीला बसू लागला. गालावर खुंट नसले तरी बसायचा. सलूनमागच्या खोलीतून लेकीचा आवाज ऐकू यायचा.

"काका, आता कातडंच उरलंय," सलूनवाला म्हणायचा.

"तू फेस लाव."

मोजणी संपली त्या सकाळी लेक आतून बॅग घेऊन बाहेर आली. गवंड्याच्या तोंडभर फेस होता.

"येते, बाबा."

"खोली उघडलीय मी," तो फेसातूनच म्हणाला. "चुकलं माझं, पोरी."

ती थांबली. बॅगेतून रुमाल काढून तिने त्याच्या डोळ्याशी आलेला फेस पुसला. नुसता फेसच होता असं नाही.

"सुट्टी मागितलीय. बाहेरच्या खोलीत नाही हं, माझ्या खोलीत राहीन. पुढच्या महिन्यात नक्की देऊ म्हणालेत."

"कोण म्हणालंय?"

"सरकार."

सलूनवाल्याने वस्तरा अलगद बाजूला घेतला. सवयीने गवंड्याचं तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

"मग देतील," तो म्हणाला.