गुरुजींची टुमदार गावाची सहल

रसिकाने केलेला बेत कधी फसत नाही! निदान तिचं तसं ठाम मत आहे, आणि मंडळी, तिच्याशी वाद घालायला तुम्ही-आम्ही कोण?

बेत असा. परदेशात म्हणे द्राक्षमळ्यांमधली जुनी टुमदार गावं असतात आणि लोक आईवडिलांना घेऊन ती बघत हिंडतात. मग आमच्या देवरूखपलीकडे काय वाईट आहे? जांभ्या दगडाची घरं, कौलं, पायऱ्यापायऱ्यांच्या पाखाड्या! तिथे बाबांना फिरवायचं आणि ते खुशीत आले की हळूच अमरदीपच्या दारात उभं करायचं. बाबा हो म्हणाले की लग्न पक्कं!

अडचण एकच. अमरदीप करायचा जांभळाची वाईन, आणि बाबा म्हणजे पावस गावचे धोंडू गुरुजी! पंचशीलातलं पाचवं शील, मद्यापासून लांब राहण्याचं, गावाने पाळावं म्हणून जन्मभर झटलेले. एका स्थळाच्या किल्ल्यांच्या जुडग्याला बाटली उघडायचा ओपनर दिसला, तर त्याला चहाआधीच जय भीम करून वाटेला लावलं होतं! म्हणून रसिकाने घरी सांगितलं, "अमरदीपचा फळप्रक्रिया उद्योग आहे." आता यात खोटं काय? रविवारी कारखाना बंदच असतो. बाटल्या कपाटात, कपाटाला कुलूप!

तरी सहलीच्या रविवारी सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. गुरुजी एकेक कौल न्याहाळत होते आणि ही दर पाखाडीला मोबाईल उंच धरून रेंज शोधत होती. रेंज आली, तसा अमरदीपचा निरोपही आला. 'येऊ नका! मुंबईचे पाहुणे अचानक आलेत. वाईनची चव घेण्याचा कार्यक्रम चालू आहे!'

"बाबा, परत फिरूया!"

पण बाबा होते कुठे? समोर अमरदीपच्या कारखान्याची जांभळाच्या चित्राची पाटी बघून, सरबत मिळेल म्हणून ते तहानेने थेट आत गेले होते!

रसिका धावत पोचली तेव्हा गुरुजी उंबऱ्यातच थिजले होते. आत दहाबारा माणसं गोलात उभी. प्रत्येकाच्या हातात पेला. मधोमध बादली. आणि अमरदीप सांगत होता, "घोट घ्या, तोंडात घोळवा, आणि आता बादलीत थुंका!"

सगळे थुंकले. वाईनची चव पाहण्याची रीतच तशी!

"रसिका," गुरुजींनी बादलीकडे बोट दाखवलं, "दारूच ना गो ती?"

संपलं! रसिकाने डोळे मिटून मान हलवली.

"आणि तोंडातली थुंकून टाकतायत?"

"हो, बाबा..."

"अगो, मग हे व्यसनमुक्तीचं शिबिर आहे, असं आधी सांगायचं नाही का!"

रसिकाने डोळे उघडले. गुरुजींच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "मी आयुष्यभर भाषणं केली, कुणी ऐकलं नाही. हा तुझा अमरदीप पेला हातात देऊन सोडायला शिकवतोय! केवढं धैर्य!"

तिने थांबवेपर्यंत गुरुजी गोलाच्या मधोमध पोचलेसुद्धा! "बंधुभगिनींनो, थुंकलात ते उत्तम केलंत! आता हात पुढे करा, शपथ घेऊ!"

मुंबईच्या पाहुण्यांना वाटलं, हाही सहलीचाच भाग. त्यांनी हौसेने हात पुढे केले, दारू सोडल्याची शपथ घेतली, टाळ्या वाजवल्या. "किती ऑथेंटिक!" म्हणत एका बाईंनी व्हिडिओ काढला.

अमरदीप बिचारा सरळ माणूस. "गुरुजी, खरं सांगायचं तर मी..." एवढं बोलला आणि रसिकाने त्याचा पाय चपलेखाली चेचला.

"काही बोलू नकोस, बाळा," गुरुजींनी त्याला मिठी मारली. "पोरगी तुला दिली!"

परतीच्या वाटेवर रसिका हवेत होती. खरं काय ते लग्नानंतर सांगू, बाबा काय माणसं खातात? गुरुजी मात्र फोन सोडत नव्हते. शेवटी त्यांनी डोळे पुसले.

"रसिका, पुढच्या रविवारी अमरदीपकडे गावातले सगळे पिणारे घेऊन जायचे. मला बघून कुंपणावरून उडी टाकणारे लोक गो! तिकडे काय करतात ते सांगितलं, तर एकूणएक तयार झाले. कुणाची मनधरणी करावी लागली नाही!"

"सगळे?" रसिकाने घाईने मोबाईल बाहेर काढला.

"सगळे! फक्त एकच विचारतायत बिचारे," गुरुजी कौतुकाने म्हणाले, "थुंकलंच पाहिजे का?"