टर्बोचा तापलेला प्रोसेसर

"काका, तुम्ही मुलींना कामाला ठेवता का?"

प्रश्न तसा टर्बोचा नव्हताच. दुकानाच्या पायरीशी तोंडं दाबून उभ्या असलेल्या तिच्या दोन मैत्रिणींचा होता. "हिंमत असेल तर विचारून दाखव!" एवढंच त्या म्हणाल्या होत्या. आणि नववीत गेल्यापासून हिंमत या एका वस्तूचा टर्बोकडे नुसता सुकाळ होता!

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या काकांनी एखाद्या जळक्या सर्किटकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं.

"मुलींना नाही ठेवत. मुलांनाही नाही. काम येणाऱ्याला ठेवतो. तुला काय येतं?"

"घरच्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा वेग मी वाढवलाय! कंपनीनं चार गिगाहर्ट्झचा दिला होता, मी पाचवर पळवते!"

"किती वेळ?"

हा प्रश्न जरा आडवाच आला. "हवा तेवढा!" टर्बोनं ठोकून दिलं.

"मग रविवारी अकराला येतो. पूर्ण ताण देऊन तासभर चालवायचा. पाचचा आकडा हलला नाही, तर येत्या सुट्टीभर माझ्या दुकानात बस. हलला, तर पुन्हा विचारायचं नाही."

टर्बो घरी आली ती नोकरी लागल्यासारखीच. अडचण एवढीच होती की आकडा हलायचा. बाराव्या मिनिटाला प्रोसेसर शंभर अंशांना टेकायचा आणि जिवाच्या भीतीनं आपणहून वेग कमी करायचा. पाचवरून थेट अडीच! गणिताचा पेपर हातात पडल्यावर टर्बोचा व्हायचा तसा.

"जळेल तो," बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"नाही जळत, बाबा. तापला की स्वतःच हळू होतो. अक्कल असते त्याला."

"बघ. त्यालासुद्धा आहे."

शुक्रवारी शाळेतून आल्या आल्या टर्बोनं निदान जाहीर केलं : धूळ! कॅबिनेट बाहेरच्या खोलीत उघडलं आणि ब्लोअर लावला. चार वर्षांची धूळ ढगासारखी उठली, घरभर हिंडली आणि नीट जागा निवडून आईनं गिऱ्हाइकासाठी शिवलेल्या मोतिया रंगाच्या सोफा कव्हरवर जाऊन बसली.

आई घरी कव्हरं शिवायची. त्या दिवशी मशीन पंधरा मिनिटं बंद होतं आणि आई चालू.

"या डब्यातली धूळ पुन्हा माझ्या घरात दिसली, तर तुलाच शिवून टाकीन!"

"आता धुळीचं नावच नाही, आई!" म्हणत टर्बोनं प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, मागच्या बाजूला नवा पंखा बसवला आणि चाचणी घेतली. नऊ मिनिटं! शनिवारी पुन्हा पेस्ट, पुन्हा चाचणी. सहा मिनिटं! औषध वाढत होतं आणि रोगी खंगत होता.

"त्यापेक्षा पहिल्यासारखा चारवर कर ना," बाबांनी सुचवलं.

"कमी? मी? माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

"आहे. पण शंभर अंशांवर तीही अर्धी होते."

रविवारी काका दहा मिनिटं आधीच आले आणि खुर्ची ओढून बसले. सहाव्या मिनिटाला आकडा असा कोसळला, की आवाज आल्यासारखं वाटलं.

"हलला," काका उठत म्हणाले.

"बसा!" टर्बो ओरडली. स्वतःच दचकली, पण काका मुकाट्यानं बसले. "कारण सापडेपर्यंत कुणी जायचं नाही!"

तिनं कॅबिनेटची पुढची जाळी खेचून काढली. जाळीमागे, चारही कोपरे टाचून, कडा दुमडून, जाडजूड कापड बसवलेलं!

"आई!!"

"काय ओरडतेस? धुळीचा बंदोबस्त केलाय कालच. दुपदरी आहे, वर अस्तर. एक टाका हलायचा नाही!"

"अगं, मग त्यानं श्वास कुठून घ्यायचा? बघितलंत, काका? माझं काहीच चुकलं नव्हतं! ही सगळी घरातली अडाणी..."

"अडाणी कोण?" आईनं विचारलं.

"...परिस्थिती!"

कापड निघालं. टर्बोनं ऐटीत पुन्हा ताण दिला. सहा मिनिटं पाच, आठ मिनिटं पाच. नवव्या मिनिटाला अडीच! बाबांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. वर्तमानपत्र गदगदा हलत होतं.

आई कॅबिनेटमागे सांडलेले दोरे उचलत होती. "अगं, हा मागचा पंखा काय करतो?"

"गरम हवा बाहेर फेकतो, आई. इतकं साधं..."

"मग माझा दोरा आत का ओढतोय?"

टर्बो वाकली. आईच्या बोटांतला दोरा पंख्याकडे सरळ ताणला गेला होता. पंखा उलटा होता! बाहेरची हवा कोंबून आतली गरम हवा आतच दाबत होता. तो टर्बोनं स्वतःच्या हातांनी, शीळ घालत, चारही स्क्रू आवळून बसवला होता.

"हाही परिस्थितीनंच बसवला का?" आईनं विचारलं.

टर्बोनं चारही स्क्रू काढून पंखा फिरवला. मग घड्याळ लावून पूर्ण तास! पाच, पाच आणि पाच!

"यंत्र छान चाललंय," काका म्हणाले. "पण आकडा हलला, तोही दोनदा. दुरुस्तीला मी तुला घेत नाही." टर्बोचा चेहरा पडला. काकांनी मात्र ते कापड उचलून उजेडात धरलं. "ताई, शिवण काय सुरेख आहे हो! असंच, पण विरळ जाळीचं, एकपदरी शिवून द्याल? धुळीनं माझी सगळी गिऱ्हाइकं रडतात. आठवड्याला वीस तरी लागतील."

आईनं "बघते" म्हटलं, पण मापाची टेप तिच्या हातात आधीच आली होती.

काका गेले. टर्बो खोलीच्या मधोमध स्क्रू ड्रायव्हर उगारून उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका! मी ठरवलंय. सुट्टीभर मी काकांच्या दुकानात जाणार!"

"अगं, आत्ताच नाही म्हणाले ना ते?" बाबा म्हणाले.

"दुरुस्तीला नाही म्हणाले! वीस जाळ्या पोचवायच्या कुणी? पोचवल्यावर बसवायच्या कुणी? मी! आणि सगळ्या बसवून झाल्याशिवाय मी तिथून हलणार नाही!"

"आणि पंखे?"

"पंखे," टर्बो ताठ मानेनं म्हणाली, "आई तपासेल!"