वीरेंद्रचे हलके धागे

"बाबा, उद्या नऊ वाजता तुमी मोकळे!" वीरेंद्रनं छाती फुगवून सांगितलं.

उद्या दुपारी लामत्याला घरी प्रेमलालच्या मुलीला, श्रुतिकाला, पाहायला पाहुणे येणार, आणि त्याचं धान नेमकं उद्याच वारासिवनीच्या मिलवर उतरायचं! मुलीचा बापच घरी नसला तर पाहुणे काय म्हणतील? पण मिलवर नंबर लावणारा कॉम्प्युटरचा प्रोग्राम खुद्द त्याचा मुलगा वीरेंद्र सांभाळायचा.

त्या प्रोग्राममध्ये जावा या कॉम्प्युटरच्या भाषेतले जुने, जड 'थ्रेड', म्हणजे कामाचे धागे होते. एकेका ट्रॅक्टरच्या कामाला एक धागा, आणि असे दहाच झेपायचे. एक ट्रॅक्टर रिकामा झाला की त्याचा धागा सुटायचा, मग अकराव्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप जायचा: 'या, तुमचा नंबर आला.' वीरेंद्रनं जुने धागे उपटले आणि नव्या पद्धतीचे हलके बसवले. "आता लाखभर संगच चालतीन! कोणाले थांबाचं कामच नाही!"

खरंच, कोणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तीनशे बारा जणांना एकदम निरोप गेला आणि तीनशे बारा ट्रॅक्टर एकदम निघाले! मिलचं फाटक एक, वजनकाटाही एकच.

नऊ वाजता रस्त्यावर मुंगी शिरेना. चौकीदार दुलीचंद फाटकावर चढून ओरडला, "अरे, सगळ्यायलेच काहून बोलावलं?"

"काका, कॉम्प्युटरमंदी बहूत जागा आहे!" वीरेंद्र खालून म्हणाला.

"मंग धान कॉम्प्युटरमंदीच उतरव!"

शेवटी दुलीचंदनं दहाच ट्रॅक्टर आत घेतले. वीरेंद्रनं तीच दहाची अट नव्या धाग्यांना घातली आणि माफी मागायला बापाची ट्रॉली शोधत निघाला. बहिणीचं सगळं आपणच बिघडवलं, या विचारानं त्याला रडू येत होतं.

पाहतो तर प्रेमलाल शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याशी बोलत होता. "बारा वाजता माया पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले, अन् मी अटकलो इथं!"

इस्त्रीचा सदरा घातलेला तो माणूस म्हणाला, "मी बी अटकलो ना! मले लामत्याले जाचं आहे, प्रेमलालची पोरगी पाहाले."

"प्रेमलाल? मीच तर!"

"मी कटंगीचा महागू, पोराचा बाप!"

दोघांनी कडकडून मिठी मारली. डबे उघडले, चहा आला, हसणं चार ट्रॅक्टर पलीकडे ऐकू गेलं. "पोरगा-पोरगी एकमेकाले पाहून घेतीन," महागू म्हणाला, "पण आपलं तं जमलं! फक्त हा निरोप धाडणारा भेटला पाह्यजे, चाकाखालीच घालतो त्याले!" मग त्याची नजर वीरेंद्रवर गेली. "हा कोण?"

"माया पोरगा."

"काय करते?"

प्रेमलालनं तीनशे ट्रॅक्टरांकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"शेतीच पाह्यते. कॉम्प्युटरले हात बी लावत नाही!"

"हौ काकाजी," वीरेंद्र चप्पल न्याहाळत म्हणाला, "धानच लावतो."