नोहाकाकांची बोटं

पहिली पत्नी जाऊन सहा वर्षं झाल्यावर, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मी पुन्हा लग्न करायचं ठरवलं. मी सायमन, राहणार सावेडी, आमच्या चर्चच्या नऊ पंचांपैकी एक. वधू सारा, राहुरीच्या शाळेत मुख्याध्यापिका, तीही विधवा. तिची अट एकच होती: दोघांनी घरच्या घरी बोटाला टोचून लैंगिक आजारांची तपासणी करायची, रिपोर्ट एकमेकांना दाखवायचे, आणि मगच चर्चमध्ये लग्नाची पहिली पुकार, म्हणजे जाहीर घोषणा, वाचायची.

"माझं झालं," तिने फोनवर सांगितलं. "चहा उकळेपर्यंत आटोपलं. रिपोर्टही आला, निरंक. तुमचं?"

"प्रार्थनापूर्वक विचार चालू आहे," मी म्हणालो.

माझ्या तपासणीच्या पाकिटावर 'गोपनीय' हा शब्द चारही बाजूंनी इतका ठळक छापला होता, की कुरियरवाल्याने तो गल्लीच्या तोंडापासून मोठ्याने वाचत आणला. आत टोचणी, इवलीशी नळी, नळीवर रेघ आणि एक पत्रक. हात कोमट पाण्याने धुवा, बोटाच्या कडेला टोचा, रेघेपर्यंत थेंब पडू द्या, नळी कुरियरने प्रयोगशाळेला पाठवा. भीती टोचणीची नव्हती. बियाण्यांच्या कंपनीत मी बावीस वर्षं फिरतीवर होतो, आणि त्यातल्या काही मुक्कामांचा उल्लेख मी प्रार्थनेतसुद्धा मोघमच करतो.

एकट्याने तपासणी केली तर लोक कारण विचारतील. म्हणून मी पंचांच्या सभेत ठराव मांडला: तरुणांपुढे उदाहरण ठेवण्यासाठी सर्व पंचांनी ही तपासणी करावी. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण विरोध करणाऱ्याकडे बाकीचे बघत राहिले असते. नऊ पाकिटं मागवली. गोपनीयता राखण्यासाठी उपसमिती नेमली आणि कोणाला डावलल्यासारखं वाटू नये म्हणून तिच्यात नऊही जण घेतले.

त्या रविवारी दुपारी चर्चमध्ये नोहाकाकांचं कीर्तन होतं. काका संगमनेरकडचे, सत्तरीतले, एकटे, धुतल्या तांदळासारखे. कीर्तन हा माझा जीव की प्राण. पहिला टाळ वाजला की माझे डोळे भरतात. 'स्वतःची परीक्षा करा' हे ऐकून मी आजवर निदान दोनशे वेळा रडलो असेन. परीक्षेला बसायचं तेवढं राहून गेलं. त्या दिवशी निरूपण होतं, एकाच्या रक्ताने अनेकांची सुटका. मी नेहमीप्रमाणे रडलो, आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच मला कीर्तनाचा व्यवहारात उपयोग सुचला.

"काका, जरा बोट देता का?"

"कशापायी रं?"

"तपासणी आहे. रक्त खात्रीचं हवं."

"घे की. देवानं धा दिल्यात."

पुढच्या रविवारी काका कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या नऊ बोटांना पट्ट्या होत्या. टाळ धरता येईना. दहावं बोट चर्चच्या पाळकसाहेबांसाठी राखून ठेवलेलं असावं.

"पंचमंडळी लई मायाळू," काकांनी जमलेल्या लोकांना सांगितलं. "हप्ताभर एकेक जन घरी यिऊन इचारपूस करून गेला."

आम्ही नऊही जण छताकडे पाहू लागलो. "पंखा बदलायला हवा," शेजारी बसलेले जॉर्ज गुरुजी पुटपुटले.

गुरुवारी निकाल आले. नऊच्या नऊ पंचांना सिफिलिसची शक्यता. खात्रीच्या तपासणीसाठी दवाखान्यात यावे.

तातडीची सभा बसली.

"किट सदोष आहे," जॉर्ज गुरुजी म्हणाले.

"नऊही?" मी विचारलं.

"त्यावरूनच तर सिद्ध होतं."

'ते रक्त माझं नव्हे' असं कोणालाच म्हणता येईना. मग कोणाचं, ते सांगावं लागलं असतं. ठराव लिहून झाला. सही करताना मात्र माझं पेन अडलं. किट सदोष ठरलं, की काकांच्या अंगातला आजार कोणाचाच उरत नव्हता. मी सत्यासाठी सभात्याग केला. कारण पोटदुखीचं दिलं.

काकांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो आणि वाटेत सगळं सांगून टाकलं. तिथे पुन्हा तपासणी झाली. आजार जुना निघाला. तीन आठवडे, तीन इंजेक्शनं.

"कीर्तनाला लागायच्या आदी मी ट्रकवर हुतो, बाई. तवाचं आसंल," काकांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, जसं कोणी आपलं गाव सांगावं. मग माझ्याकडे बोट केलं. "पर माझं रगात तपासाया नऊ पंच राबले. कोन करतं एवढं?"

मला तिथे रडू यायला हवं होतं. टाळ नव्हता, आलं नाही.

संध्याकाळी सारा घरी आली, तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे इंजेक्शनं झाली की नोहाकाकांशी लग्न करायला हरकत नाही," ती म्हणाली. "त्यांचं सगळं कळलंय मला. तुमचं काय?"

तिने पर्समधून नवं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "तुमच्या बोटाचं. शनिवारी हे तपासणीला गेलं नाही, तर पुकार विसरा."

आज शुक्रवार. पाकीट अजून समोरच आहे. वाचकहो, आपण इथवर हसत आलात, त्याअर्थी आपलं रक्त नक्कीच स्वच्छ असणार. एखादं बोट द्याल का? नाव गुप्त राहील. फक्त अर्जासोबत आपला रिपोर्ट जोडावा. स्वतःच्या बोटाचा.