बांधणीला गेलेले नागरिकत्व

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बाइंडरच्या बायकोने चहाचा कप बाजूला सारला आणि टेबलावर एक पत्र ठेवले.

"गुरुवारी अकराला शपथ. माझे सगळे कागद झाले. एकच राहिलाय, तुमचा नागरिकत्वाचा दाखला. अस्सल पाहिजे, झेरॉक्स चालणार नाही."

"आहे ना," बाइंडर म्हणाला. "कुठे जातोय?"

"कुठे आहे ते सांगा. कुठे जातोय ते मागाहून बघू."

दोघेही या देशात बाहेरून आलेले. तो आधी आला आणि एकोणीस वर्षांपूर्वी रीतसर नागरिक झाला. ती लग्न होऊन मागाहून आली आणि सहा वर्षे कंत्राटावर शहर बस चालवत होती. कायम ड्रायव्हर होण्यासाठी नागरिक असणे आवश्यक होते, आणि तिचा अर्ज नागरिकाची बायको म्हणून होता. डेपोने तिच्यासाठी एक जागा राखून ठेवली होती, पण फक्त शनिवारपर्यंत. गुरुवार हुकला तर पुढचा शपथविधी आठ महिन्यांनी, आणि जागा दुसऱ्याला.

ती मिनिटांवर जगणारी बाई होती. अकरा म्हणजे तिच्या हिशेबी दहा एकोणसाठ. नवरा मात्र पुस्तक बांधायला घेई ते परत कधी देईल हे गिऱ्हाइकाला सोडाच, त्याला स्वतःलाही ठाऊक नसे. संसार सुरळीत चालला होता तो मुख्यतः दोघांच्या कामाच्या वेळा वेगळ्या असल्यामुळे.

बाइंडरने कपाट पाहिले. गादी उचलली. घराच्या पुढच्या खोलीत त्याचे कारखानावजा दुकान होते, ते त्याने उलटेपालटे केले. प्रत्येक ढिगाखाली त्याला काही ना काही सापडत होते. एका डॉक्टरांचे गेल्या वर्षीचे जाडजूड पुस्तक सापडले. एका शाळेचा हजेरीपट सापडला, त्यातली मुले एव्हाना शाळा सोडून गेली असावीत. दाखला तेवढा सापडेना. साडेनऊला तो कागद कापायच्या टेबलापुढे आला आणि तिथेच थबकला.

गेल्या उन्हाळ्यात दाखल्याला मधोमध एक घडी पडलेली त्याला दिसली होती. दुसऱ्या कुणी ती तशीच राहू दिली असती. पण बाइंडरला कागदावरची नको तिथली घडी म्हणजे डोळ्यातले कुसळ. घडी मोडावी म्हणून त्याने दाखला प्रेसमध्ये दाबून ठेवला. त्याच प्रेसमध्ये तो जाड रद्दी कागदही दाबत असे. पुस्तकाच्या पाठीला आतून चिकटवायच्या पट्ट्या त्यातूनच निघत. मग एके दिवशी प्रेस उघडली आणि होते नव्हते ते सगळे सुरीखाली गेले.

"अगं," तो आत येऊन म्हणाला, "दाखला आहे. पण जरा विखुरलेला आहे."

बायकोने शांतपणे सगळे ऐकून घेतले. बसमध्ये रोज तऱ्हेतऱ्हेची माणसे पाहून तिला ती सवय होती.

"मला आठवतंय," ती म्हणाली. "तुम्ही जेवताना त्या कागदाचं कौतुक करत होतात. असला कागद हल्ली मिळत नाही म्हणालात."

"खरंच मिळत नाही. पाठीला लावल्यावर अजिबात करकरत नाही."

"पट्ट्या कुठं गेल्या?"

"वाचनालयाच्या पुस्तकांत. बत्तीस."

"म्हणजे तुमचं नागरिकत्व वाचनालयात आहे. बत्तीस तुकडे. हवं असेल तर पंधरा दिवसांच्या बोलीवर घरी आणता येईल." तिने घड्याळ पाहिले. "कार्यालय दहाला उघडतं. नऊ त्रेचाळीसची बस पकडा. आजची ड्रायव्हर वेळेवर सोडते."

नागरिकत्व कार्यालयातल्या खिडकीतल्या बाई चष्म्यावरून बघणाऱ्या होत्या, पण स्वभावाने वाईट नव्हत्या.

"दाखला हरवला तर घाबरायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "नोंदवहीत तुमची नोंद असणारच. तिचा उतारा देतो, वर साहेबांची सही, शिक्का. दाखल्याइतकाच चालतो. दहा मिनिटांचं काम. साल कुठलं?"

बाइंडरने साल सांगितले. त्याच्या जिवात जीव आला होता. बाईंनी एक यादी चाळली, बोट एका ओळीवर थांबवले आणि त्या चुकचुकल्या.

"नाही मिळायची. ती वही खिळखिळी झाली होती, म्हणून बांधणीला पाठवलीय. बाहेरच्या कुणा बाइंडरकडे. झाले सात महिने."

बाइंडरने सरस लागलेली बोटे खिशात घातली.

"असला माणूस मी पाहिला नाही हो," बाई तापल्या. "तीन पत्रं पाठवली त्याला. उत्तर नाही का पात्तर नाही!"

"मिळाली नसतील," बाइंडर क्षीण आवाजात म्हणाला. पत्रात काय होते ते त्याला आठवत नव्हते. लिफाफे छान जाड कागदाचे होते, एवढे पक्के आठवत होते.

"मिळालीत. पोच आहे ना सहीची. तुम्ही ओळखता की काय त्याला?"

"तोंडओळख आहे."

"मग चांगलं खडसावून सांगा. म्हणावं, तुझ्यापायी माणसं अडून बसलीत. लाज वाटते का थोडी?"

"वाटतेय," बाइंडर म्हणाला. "म्हणजे, वाटत असणार. गुरुवारी सकाळी वही मिळेल तुम्हाला."

"त्याच्या वतीनं तुम्ही काय शब्द देताय?" बाई म्हणाल्या.

वही घरी एका नकाशांच्या ढिगाखाली होती. आल्या आल्या त्याने उत्साहाने तिची सगळी शिवण उसवली होती आणि मग दुसरे काम आले म्हणून बाजूला ठेवली होती. आता ती वही नव्हती, सुट्या तावांचा गठ्ठा होता. काम घेताना त्याने आतला मजकूर वाचणार नाही असे लेखी दिले होते, म्हणून त्याने वाचले काहीच नाही. फक्त स्वतःची नोंद सापडेपर्यंत पाहिले. एकोणीस वर्षांपूर्वीची स्वतःची सही बघून तो चरकला. त्या वयात तो इतक्या ठळक सह्या करत असे हे तो विसरून गेला होता.

मंगळवार शिवणीत गेला. ताव दुमडायचे, आठ ताव एकात एक घालून जुडी करायची, घडीतून दाभणाने भोके पाडून जुड्या एकमेकींना शिवायच्या. हात शिवत होते आणि डोळे घड्याळाकडे लागले होते. दोनदा सुई बोटात शिरली. एकदा एक जुडी उलटी शिवली आणि सबंध उसवावी लागली. बुधवारी पाठीला सरस लावला, तेव्हा तर त्याला एका जागी बसवेना. दर पाच मिनिटांनी तो पाठीला अंगठा लावून पाही आणि तिथे ठसा उमटे, मग तो ठसा पुसत बसे.

"गिऱ्हाइकांना तुम्ही सांगता, सरस वाळायला चार दिवस लागतात," बायको म्हणाली. रजा टाकून ती केस वाळवायचे यंत्र वहीच्या पाठीवर धरून उभी होती. "खरे किती लागतात?"

"सहा तास."

"आणि बाकीचे?"

"माझ्या मनाच्या तयारीला."

गुरुवारी सकाळी वही तयार होती. घाईत झालेली असूनही, की घाईतच झाल्यामुळे, ती त्याच्या हातून आजवर झालेली सर्वांत देखणी बांधणी होती. हिरवे कापड, चामड्याचे कोपरे, उघडली की पाण्यासारखी सपाट पसरणारी पाने. बसमध्ये तो ती तान्ह्या मुलासारखी मांडीवर घेऊन बसला. शेजारी इस्त्रीच्या कपड्यांत बायको होती, आणि ड्रायव्हरने वळण जरा जोरात घेतले की ती जिभेने टक् असा आवाज काढत होती.

दहा वाजून दोन मिनिटांनी वही खिडकीवर आली.

"आली एकदाची!" बाई म्हणाल्या. मग चष्म्यावरून पाहिले. "तुम्ही सोमवारी आला होतात ना? मग बाइंडर कुठाय?"

बायकोने त्याच्याकडे बोट केले.

बाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा बायकोकडे पाहिले. वही उघडून त्यांनी नोंद शोधली, उताऱ्याचा कोरा कागद घेतला, एक ओळ लिहिली. तिथे पेन थांबले.

"अहो, पण ही वही सात महिने तुमच्याच घरात होती."

"हो."

"आणि नोंदही तुमचीच."

"हो."

"मग साहेबांना विचारावं लागेल," बाई म्हणाल्या आणि वही घेऊन उठल्या.

साहेबांच्या खोलीच्या भिंतीपलीकडेच शपथविधीचे सभागृह होते. खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. साहेब गृहस्थ नीटनेटके, टेबलावर नावाची पितळी पाटी लख्ख घासलेली. त्यांनी सगळे ऐकले आणि खुर्चीत मागे रेलले.

"अशक्य," ते म्हणाले. "अर्जदारानं स्वतःच बांधून आणलेल्या वहीतला पुरावा मी कसा मानू? तुमच्या नोंदीचा कागद तुम्हीच आत घातला नाहीत कशावरून?"

"मी असं कशाला करेन साहेब?"

"तुम्हा बाहेरून आलेल्या लोकांना वाटतं, शिक्का काय, मारला की झालं. आपल्याकडे त्याला पद्धत असते. तज्ज्ञाचं मत मागवा, बाई. आपल्या यादीवर कागद-बांधणीचा तज्ज्ञ असेल."

बाईंनी यादी काढली. "एकच आहे, साहेब."

"बोलवा मग."

"तुमच्यासमोर उभा आहे."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. दारात उभ्या असलेल्या बायकोने मोठ्याने सांगितले, "दहा बावीस."

"साहेब, दोन मिनिटं ऐका," बाइंडर पुढे झाला. आता त्याचा आवाज क्षीण नव्हता. विषय त्याच्या हातचा होता. "वहीत सुटं पान घालता येत नाही. एक ताव दुमडला की त्याची दोन पानं होतात. माझं पान जुडीत पुढून तिसरं आहे, त्याचा जोडीदार मागून तिसरा. दोन्ही मिळून कागद एकच. माझं पान खोटं असेल तर तो जोडीदारही खोटा."

"ते शिवलेल्या वहीत मला कसं दिसणार? पाठीशी चिकटवलेलंही असेल. सुटा करून दाखवा."

बाइंडरने हिरव्या वहीकडे पाहिले. मग बायकोकडे. ती घड्याळाकडे पाहत होती, पण तिचा हात पर्सचा बंद घट्ट पिळत होता. लग्नापासून त्याने तिला कधी अशी पाहिली नव्हती.

त्याने खिशातली लहान सुरी काढली आणि पाठ चिरली.

खोलीत फक्त दोरा तुटल्याचे बारीक आवाज येत होते. जुडी सुटी झाली. त्याने अलगद आतून एक ताव ओढून काढला आणि साहेबांपुढे पसरला. अखंड कागद, मधोमध जुनी पिवळी घडी, डावीकडे त्याची नोंद.

साहेबांनी तो उजेडात धरला, उलटा केला, नखाने घडी चाचपली.

"एकच आहे," ते म्हणाले. "पण सात महिन्यांत माणूस सबंध तावही नवा तयार करू शकतो."

"मग तावावरच्या सगळ्यांनाच खोटं ठरवावं लागेल, साहेब."

"ठरवू! नियम तो नियम. बाई, या तावावर किती नोंदी आहेत?"

"सोळा."

"सोळाही जणांचं नागरिकत्व तपासणी होईपर्यंत स्थगित. नावं लिहून घ्या. आजच नोटिसा काढा."

"दहा एक्केचाळीस," दारातून आवाज आला.

बाई ताव जवळ घेऊन नावे उतरवू लागल्या. डावीकडची आठ झाली. उजवीकडे वळल्या. अकरावे नाव लिहिताना त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"साहेब, हे अकरावं तुम्हीच बघता का?"

साहेबांनी अकरावी नोंद वाचली. मग टेबलावरची पितळी पाटी पाहिली. मग पुन्हा नोंद. दोन्हीकडे नाव एकच होते, आणि नोंदीखालची सही तर बाई रोज पंचवीस कागदांवर पाहत होत्या.

भिंतीपलीकडे कुणीतरी माइक ठोकून पाहिला.

"मला वाटायचं तुम्ही इथलेच," बाई हळूच म्हणाल्या.

"इथलाच आहे," साहेब म्हणाले. मग त्यांनी ताव पुन्हा उजेडात धरला, बराच वेळ. "कागद जुनाच दिसतो. शाईसुद्धा मुरलेली आहे. हं. अशी शाई हल्ली कुठं मिळते? तज्ज्ञांचं काय मत?"

"हल्ली मिळत नाही," तज्ज्ञ म्हणाला.

"आणा तो उतारा."

सही झाली. शिक्का इतक्या जोरात बसला की पितळी पाटी आडवी झाली. बायकोने कागद घेतला, "दहा छप्पन्न" म्हणाली आणि निघाली. दारातून वळून तिने नवऱ्याकडे पाहिले. मग परत येऊन तिने त्याच्या सदऱ्यावर चिकटलेला दोरा उचलून टाकला आणि ती गेली.

बाइंडरही निघाला, तसे साहेबांनी त्याला हाताने थांबवले. त्यांनी उठून दार लावले.

"हे परत शिवायला किती दिवस?"

"मागच्या वेळी सात महिने लागले होते," बाईंनी सांगून टाकले.

"इथंच शिवा. आत्ता. माझ्यासमोर." साहेबांनी स्वतःची खुर्ची त्याला दिली आणि तो ताव दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. बाइंडरने खिशातून दाभण, सुई आणि दोरा काढला.

भिंतीपलीकडे शपथ सुरू झाली. एकजण पुढे सांगत होता, बाकीचे मागून म्हणत होते. त्या गर्दीत एक आवाज बाइंडरने लगेच ओळखला. बसमध्ये पुढे सरका म्हणून ओरडणारा तो आवाज आज अडखळत होता. सुई घालता घालता त्याने मान वर केली. ताव धरलेल्या साहेबांचे ओठ हलत होते, आणि पुढचे वाक्य भिंतीपलीकडून यायच्या आतच ते त्यांच्या ओठांवर येत होते.

बाइंडर आपल्याकडे बघतोय हे लक्षात येताच साहेब घसा खाकरून गप्प झाले.

"एका जुडीला टाके किती घालता?" त्यांनी विचारले.

"पाच."

"हिला सात घाला," साहेब म्हणाले.