थोरल्याचं आधी

सुरुवातीलाच माफी मागते. कोणाबद्दल लिहावं एवढी माझी तयारी नाही. आमच्या घरात लिहिणं म्हणजे रेशनचा अर्ज, नाहीतर लग्नपत्रिकेच्या पाकिटावरची नावं. कॉलेजात जाणारी मी घरातली पहिलीच, म्हणून पाकिटांचं काम माझ्याकडे आलं. तेवढाच अनुभव. तरी शेजारच्या नामदेवनानांबद्दल लिहिते आहे. चुकलं तर माझं, नानांचं काही नाही.

नाना मशीन विकत घ्यायला जात नाहीत. मशीन बघायला जातात. मुलगी बघायला जातात तसं.

आमच्या वारूळवाडीहून नारायणगावची बाजारपेठ चालत वीस मिनिटांवर आहे. पण स्थळ बघायला चालत जायचं नसतं, असं नानांचं म्हणणं. म्हणून माझे वडील, जे नारायणगाव ते मंचर प्रवाशांची वडापची जीप चालवतात, त्यांनी एक फेरी बुडवून नानांना न्यायचं. नानांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा. मी वही घेऊन मागे बसायचं, कारण 'शिकलेलं एक माणूस बरुबर असावं.'

दुकानात गेल्यावर नाना आधी मशीनकडे बघतच नाहीत. शेठकडे बघतात. पाणी पितात. पाऊसपाण्याचं बोलतात. मग म्हणतात, "बोलवा."

शेठचा माणूस खोक्यातून सुतारकामाचं एखादं मशीन काढून काउंटरवर ठेवतो. नाना त्याच्याभोवती एक चक्कर मारतात.

"घराणं कुठलं?"

"कोइम्बतूरचं, नाना."

"लांबचं हाय. गरम किती येळात व्हतं?"

"अर्धा तास सलग चालवलं तर."

"रागीट हाय म्हना की. आवाज बी चढाच दिसतोय. आदी कुठं दिलं व्हतं का?"

"नाना, सीलबंद आहे. तुमच्यासमोर फोडलं."

"तसं समदेच सांगतेत," नाना म्हणतात.

पहिल्या भेटीत शेठने मशीनची कुंडली काढून देऊ का, असं गमतीत विचारलं होतं. नाना बौद्ध. ते शांतपणे म्हणाले, "पत्रिका-बित्रिका आमी बगत न्हाई, शेठ. बायोडाटा द्या." शेठने माहितीपत्रक दिलं. ते घरी आणून नानांनी मला तीनदा मोठ्याने वाचायला लावलं. शेठ चहा मागवतात तो नाना घेतात, पण बिस्किटाला हात लावत नाहीत. ठरल्याशिवाय तोंड गोड करायचं नाही. निघताना हात जोडतात आणि म्हणतात, "कळवतो."

अशा पाच भेटी झाल्या. वडील जीप वळवताना म्हणायचे, "नाना, शेठच्या पोराचं लग्न झालं तेवढ्यात."

"घाई नको राव," नाना म्हणायचे. "लाकूड बी वाळायला वरीस घेतं."

नाना हायस्कुलात शिपाई होते. नोकरीभर त्यांनी बाकं दुरुस्त केली. पोरं मोडायची, नाना जोडायचे. निवृत्त झाल्यावर घराला लागून पत्र्याचं शेड टाकलं आणि राहिलेलं सुतारकाम सुरू केलं. विकायला नाही. आमच्या आळीत प्रत्येक घरी नानांचं एक स्टूल आहे. विहारात ग्रंथ ठेवायचा स्टँडही त्यांचाच.

शेडमध्ये तीन मशीनं. सगळ्यात जुना कटर. कोणाच्या तरी कडबाकुट्टीची मोटार आणि बाकाच्या दोन फळ्या यांतून नानांनी तो स्वतः जुळवला. पात्याला झाकण नाही. त्याला नाना 'थोरला' म्हणतात. त्याच्यानंतर आलेला विजेचा रंधा, तो 'मधला', आणि ड्रिल 'धाकटं'. तिन्ही थकलेली. रंधा लाकूड गुळगुळीत करण्याऐवजी त्यावर पायऱ्या काढतो. ड्रिल कधी फिरतं, कधी नुसतं गुरगुरतं. पेन्शनीतून एकाच मशीनचं जमणार होतं. पहिलं बदलायचं कुठलं, हा प्रश्न दीड वर्षं चालला होता.

"रंधाच बदला की," वडील म्हणायचे. "रोज तोच रडतोय."

"आन थोरला बसलाय तसाच? लोक काय म्हणतील, भाऊ? थोरल्याचं झाल्याबिगर मधल्याचं करतेत का कुठं?"

"मग थोरल्याचं करा."

"त्याला काय धाड भरलीय? चालतोय की."

"नाना, बोटं किती राहिलीत ते बघा आन मग बोला."

नानांच्या डाव्या हाताच्या एका बोटाचं टोक थोरल्याने नेलं आहे. नाना तो हात खिशात घालायचे आणि विषय बदलायचे.

इथे सुमनकाकूंबद्दल सांगायला हवं. त्या नानांच्या पत्नी. काकूंना दमा आहे. शेडची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच. कटर सुरू झाला की लाकडाचा बारीक भुसा पत्र्याच्या फटीतून घरात यायचा, पिठाच्या डब्यावर, काकूंच्या खाटेवर, सगळीकडे. दीड वर्षापूर्वी एकदा त्यांना फारच धाप लागली. डॉक्टरांनी सांगितलं, एक तर भुसा राहील किंवा बाई. नाना त्याच दिवशी म्हणाले, "समदं इकून टाकतो." काकू म्हणाल्या, "आन मग दिवसभर घरात बसून माजं डोकं खाणार व्हय?" आणि पिशवी भरून मंचरला लेकीकडे गेल्या. चार दिवसांसाठी म्हणून गेल्या होत्या.

कोणी विचारलं तर नाना सांगायचे, "हवापालटाला गेलीय." मंचरची हवा इथल्याहून वेगळी असते असं मी तरी कधी ऐकलं नाही. पण पुढे कोणी विचारायचं नाही.

नानांना मदत व्हावी म्हणून मी एक उद्योग केला. कॉलेजात आम्हाला निर्णय कसा घ्यावा यावर एक धडा होता. त्याप्रमाणे मी तक्ता आखला. वय, धोका, उपयोग, दुरुस्ती, अशा रकान्यांत प्रत्येक मशीनला दहापैकी गुण दिले. कटर पहिला आला. तक्ता घेऊन मी अभिमानाने शेडमध्ये गेले.

नानांनी चष्मा लावून तो नीट पाहिला. "मार्क चांगले पडलेत त्याला," ते म्हणाले. "पण पोरी, मी साळंत व्हतो. चांगले मार्क पडलेली पोरं पुढं कशी निगाली, ते बी बगितलंय." तरी तो तक्ता त्यांनी खिळ्याने भिंतीवर ठोकला. आलेल्या प्रत्येकाला दाखवायचे. मला फार लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी आईने ताक दिलं म्हणून मी त्यांच्याकडे गेले. शेडमध्ये कटर फिरत होता. नाना एक निरुपयोगी फळी त्यात घालत होते, कापायची म्हणूनच कापत होते. मी दारात थांबले. थोड्या वेळाने त्यांनी बटण बंद केलं, हात झटकले आणि घरात गेले. मला वाटलं पाणी प्यायला. मीही मागून गेले.

काकूंच्या खाटेवर स्टीलचं ताट पालथं ठेवलं होतं, स्वच्छ पुसलेलं. नाना वाकले. अर्ध्या बोटाने ताटावर रेघ ओढली आणि बोट उजेडात धरलं.

"आज बी बसला," ते म्हणाले. मला उद्देशून नाही.

मग मी खोली नीट पाहिली. पत्र्याच्या फटींत कापडाच्या चिंध्या ठासलेल्या. खिडकीला प्लॅस्टिक. शेडच्या बाजूच्या दारावर काकूंचं जुनं ओलं लुगडं पडद्यासारखं लावलेलं. हे ते रोज करत होते. रोज काहीतरी नवीन बंद करायचं, फळी कापायची, ताट बघायचं.

 मी म्हणाले, "नाना, भुसा ओढून घेणारं मशीन येतं. शेठकडे आहे. पाइप कटरला लावायचा, सगळा भुसा पिशवीत जातो."

"ठाव हाय," नाना म्हणाले. "पयल्या भेटीतच बगितलंय. कोपऱ्यात असतंय, निळी पिशवीवालं."

"मग तेच का नाही घेत?"

त्यांनी ताट शर्टाच्या बाहीने पुसलं. परत तिथेच ठेवलं.

"घेतलं की तिला इचारायला लागंल. ये म्हनून." त्यांनी फटीतली एक चिंधी आत दाबली. "आत्ता कसं हाय, मशीन न्हाई म्हनून ती तिकडं हाय. मशीन घेतलं आन तरी न्हाई आली, तर मग काय म्हनायचं?"

माझ्या तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. मी ताकाचा तांब्या ठेवला आणि घरी आले.  

दुसऱ्या दिवशी नाना पांढरा शर्ट घालून एकटेच निघाले. चालत. वडील जीप पुसत होते. त्यांनी विचारलं, "नाना, सोडू का?"

"नको भाऊ. बगायला न्हाई चाललो."

शेठने नंतर वडिलांना सांगितलं की नाना आले, खुर्चीवरही बसले नाहीत. निळ्या पिशवीच्या मशीनकडे बोट केलं आणि "द्या" म्हणाले. शेठ चकित होऊन म्हणाले, "नाना, हे तर तिघांतलं कोणीच नाही." नानांनी चहाबरोबरची दोन बिस्किटं खाल्ली आणि मशीन रिक्षात घालून आणलं.

थोरला, मधला, धाकटं, तिघंही तशीच राहिली. रंधा अजून पायऱ्या काढतो.

मशीन बसवायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ताट पाहायला नानांनी मला बोलावलं. मी बोट फिरवलं. अगदीच काही लागलं नाही असं नाही. थोडंसं लागलं. मी तसंच सांगितलं, कारण खोटं सांगितलं असतं तर त्यांनी स्वतः फिरवून बघितलंच असतं. नाना म्हणाले, "थोडं हाय. पयल्यासारखं न्हाई."

निरोप कसा द्यायचा यावर अर्धा दिवस गेला. मी फोन लावून देते म्हणाले. नाना नको म्हणाले. फोनवर नाही म्हणणं सोपं जातं. वडिलांची जीप रोज मंचरला जाते, म्हणून निरोप त्यांच्याकडे दिला. निरोप एवढाच: 'मशीन बसवलंय.' ये असं त्यात नव्हतं. मी सुचवून पाहिलं. नाना म्हणाले, "तिला कळतंय."

त्या संध्याकाळी जीप आली तेव्हा नाना रस्त्यावरच उभे होते.

"सांगितलं का?"

"सांगितलं."

"मग? काय म्हनली?"

"जेवला का म्हणून इचारलं मला. चपाती-भाजी वाढली."

"भाजी कसली व्हती?"

"नाना, भाजीचं काय घेऊन बसलात. शेवग्याची."

नानांनी यावर बराच विचार केला. दुसऱ्या दिवशी परत उभे. काही नाही. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. पुढे वडील जीपमधूनच मान हलवायचे आणि नाना हात वर करून 'असू दे' असं दाखवायचे. माझी आई म्हणाली, पुरुषांना एवढी पाच शब्दांची गोष्ट सरळ विचारता येत नाही. पण त्या दिवसांत ती रोज दुपारी नानांकडे भाजी पाठवायची. कटर रोज थोडा वेळ फिरायचा. ताट असायचंच.

दहाव्या दिवशी भर दुपारी, फेरीची वेळ नसताना, वडिलांची जीप आली आणि सरळ शेडच्या तोंडाशी थांबली. मी ओट्यावर अभ्यास करत होते, तिथून उठून गेले. कटर आणि भुशाचं मशीन दोन्ही सुरू होती. वडिलांनी हाताने खूण केली. नानांनी आधी कटर बंद केला, मग ते निळं. पिशवी हळूहळू बसली.

"काय, भाऊ? आज लवकर?" नाना म्हणाले.

"वहिनींचा निरोप हाय. लगेच पोचवा म्हनल्या, म्हनून पुढची फेरी सोडून आलो."

नानांनी डावा हात खिशात घातला.

"रविवारी येतायत. आठ दिवस राहतील. फुडचं फुडं बगू म्हनल्या. आन अजून एक सांगितलंय. त्या असताना तुमी शेड बंद ठेवणार, हे त्यांना ठाव हाय. ते चालायचं न्हाई. शेड चालू ठेवायचं, आन त्या आत खाटेवर बसून भुसा येतो का ते बगणार."